नराणी

भुरी सलूनमागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली व्याली,
त्याला आज सतरा दिवस झाले.
सहा पिल्लं. सातवं पहिल्याच थंडीत गेलं,
ते मी वणेच्या काठाला पुरून आलो, बोललो नाही कोणाला.

परवापासून पिल्लं लुचायला आली की ती उठून उभी राहते.
पिल्लं लोंबकळतात, सुटतात, कुटारात धपकन पडतात,
आणि ती माझ्याकडे बघते,
गिऱ्हाईक आरशातून बघतं तसं,
कुठं लागलं ते न सांगता.

बॅटरी लावून पाहिलं. सड लालभडक,
भोवती बारीक ओरखडे,
नवशिक्या पोरानं वस्तरा फिरवल्यासारखे.
हात आपसूक तुरटीकडे गेला.
चाळीस वर्षं, कापलं की तुरटी. दुसरं सुचत नाही.
"काहून, पागल झाले का?" पार्बता दारातून म्हणाली.
"दाढी आहे का ते? तोंड लावतेत तिथं लेकरं."

मग वच्छलामामीचं औषध. निंबाचा पाला उकळून,
कोमट करून, जुन्या धोतराच्या चिंधीनं पुसलं.
भुरी गप पडून राहिली. बरं वाटलं असावं.
पण पिल्लांनी तोंड लावलं आणि फिरवलं,
सहाही जणांनी,
इवल्या जिभा बाहेर काढून, शिंकून.

मला हसू आलं. पार्बता हसली नाही.
"माह्या मायनं असाच निंब लावला होता.
कापूस वेचाले जायचं होतं तिले.
मले नाही आठवत. पण ते सांगे,
तू तोंड फिरवलं, अन् दुपारी माही छाती दुखाले लागली,
धुऱ्यावर बसून पिळून टाकलं, मातीत."

कडूपणा तिनंच धुतला, साध्या कोमट पाण्यानं.
खोबरेलाची बाटली थंडीनं गोठलेली,
ती काखेत धरून विरघळवली.
थेंबभर बोटावर, पिल्लांचं पिऊन झालं की.
समुद्रपूरचे भोयर डॉक्टर फोनवर म्हणाले,
जास्त नका चोपडू, चाटते ती.
गाठ लागली, कढत लागलं तर मात्र घेऊन या, थांबू नका.
रोज संध्याकाळी तळहात लावून पाहतो.
परक्या गालांवर जन्म गेलेला हात आहे हा.

तरी ओरखडे नवे नवे येतच होते.
मग एक पिल्लू उचललं, कानावर पांढरा ठिपका असलेलं.
त्यानं माझं मनगट दाबलं,
एकदा उजव्या पंजानं, एकदा डाव्या, दूध मागतात तसं,
आणि बारीक सुया रुतल्या.

बापाची धोपटी काढली. सलून झाल्यापासून खुंटीलाच होती.
कैची, चिमटा, फुटकी वाटी,
आणि मुठीत मावणारी नराणी.
लग्नाच्या मांडवात नवरदेवाची नखं काढायचा बाप हिनं.
सव्वा रुपया, नारळ,
आणि ताट मांडवाबाहेर.
दगडावर दोन थेंब तेल टाकलं. धार आली.

चिंधीत गुंडाळून पिल्लू मांडीवर.
पंजा हलकेच दाबला की नख पुढे येतं.
आत गुलाबी रेघ असते, रक्ताची. तिच्या अलीकडं थांबायचं.
नुसतं टोक, तांदळाच्या कणीपेक्षा लहान.
पार्बता मोजत होती. पुढच्या पायाला पाच, मागच्याला चार,
एकाची अठरा.
सहांची किती, मला पाढे येत नाहीत.
"एकशे आठ," ती म्हणाली,
आणि दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

दारात गुरनुले दाढीला आलेले.
"बंद आहे का दुकान?"
म्हटलं, बसा. चार राहिली.

भुरी आज आडवी झाली.
डावीकडचं तिसरं सड अजून दुखतं,
पिल्लू तिथं लागलं की कान मागे जातात.
पण उठत नाही.
पायरीवरची नखं मी झाडली नाहीत.
जातील सकाळी, गुरनुल्यांच्या केसांबरोबर.