लाल खडा, एक

दुपारी बाजार ओसरल्यावर
उभादांड्याची द्वारका तांडेल दुकानात आली,
टोपली पायरीवर ठेवून, हात पदराला पुसून.
बटव्यातून कागदाची पुडी काढली.
"माणिक. झिलान आणल्यान.
आंगठी कर, पण आदी बघ."

पहिल्या पगाराचा, म्हणाली. जहाजावर आहे पोर,
कुठल्याशा बंदरात तीन तास उतरला,
त्यातला एक आईसाठी.

मी भिंग लावलं.
वडील सांगत, खड्याला लगेच काही विचारू नये,
नुसतं बघत राहावं.
काच असती तर बुडबुडे दिसते,
सोड्याच्या बाटलीत असतात तसे, गोल.
इथे बारीक सुया होत्या, एकमेकींना छेदून गेलेल्या,
आणि रंग आगळाचा,
पेला उन्हाकडे धरावा तसा
कडेला तांबडा, मध्ये जवळजवळ काळा.

नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला.
त्याखाली माणिक बहुधा निखाऱ्यासारखा फुलतो.
हा गप्प राहिला.
द्वारका माझ्या तोंडाकडे बघत होती,
भाव सांगून झाल्यावर गिऱ्हाइकाकडे बघते तशी.

मग काशाच्या वाटीत पाणी घेतलं,
तिच्याच बर्फाच्या खोक्याचा थर्माकोल
नखाने तोडून तरंगत सोडला, वर खडा ठेवला,
आणि मोडक्या हार्ड डिस्कमधलं लोहचुंबक
जवळ नेलं, न टेकवता.

होडी हलली.
वल्हं नाही, वारा नाही,
सरळ चुंबकाच्या दिशेने निघाली
आणि वाटीच्या काठाला लागली.
"गे बाय," द्वारका म्हणाली, "जाळा वढल्यासारो!"

हा तामडा, मी म्हटलं. गार्नेट.
पोटात लोखंड असतं याच्या, म्हणून ही ओढ.
पाऊस सरल्यावर तुमच्या पुळणीवर
काळ्या रेतीच्या कडेने गुलाबी पट्टा उमटतो ना,
तो याच्याच भावकीतला.

"मगे खोटो?"
खोटा नाही. नाव चुकलंय.
"आनि किंमत?"

सांगितली.

पोराने किती मोजले ते ती बोलली नाही,
मीही विचारलं नाही.
बाहेर मांजर टोपलीभोवती घुटमळत होतं,
एरवी तिने हातातली चप्पल फेकली असती.
मी उगाच बडबडत राहिले:
पुढच्या खेपेला त्याला सांग,
दुकानातल्या दिव्याखाली खडा घेऊ नये,
उंबऱ्याबाहेर येऊन बघावा दिवसाच्या उजेडात,
तू बांगड्याचा कल्ला उचलून बघतेस तसा.
"झिलाक कायएक सांगूचा नाय," ती म्हणाली.
पुन्हा म्हणाली, हळू. "कायएक नाय."

माप घेतलं. बोट जाड, पेरावर
कोयतीचा जुना वण.
चांदीत बसवू, म्हटलं, चारी बाजूंनी कड उचलून,
म्हणजे खवले अडकायचे नाहीत.
तरी मासळी कापताना काढून ठेव.
वास लागेल म्हणून नाही,
कोयतीला ठेचला तर टवका उडेल.
वाळूने घासू नकोस, वाळू याला खाते.
कोमट पाणी, रिठ्याचा फेस, मऊ जुना ब्रश,
उकळत्या पाण्यात कधी नाही,
आणि चुलीजवळून उठून लगेच गार पाण्यात
हात घालू नकोस. तडकतो.
फडक्यात वेगळा ठेव, हिऱ्यांबरोबर नको.

"हिरे!" ती एवढी हसली
की मांजर पायरीवरून पळालं.

मग पुस्तक पुढे ओढलं मी, कार्बन घातला.
"बिलार माणिक लिव," ती म्हणाली.
"तो बगतलो घराक इल्यावर."

या गल्ल्यावर वडिलांनी चाळीस वर्षं
एक अक्षर खोटं लिहिलं नाही,
आणि तसं ते फारसे लाडकेही नव्हते बाजारात.
पेन थोडा वेळ तसंच धरलं.
लिहिलं: लाल खडा, एक. खरा.

तिने बोटाने अक्षरं चाचपली,
वाचता येत नसल्यासारखी, येत असूनही.
घडी करून बटव्यात ठेवली
आणि पायरीवरचे दोन बांगडे
मांजराला नव्हे, मला दिले.