चौकटीखालची पट्टी

वर्ग दुसरा ब, गेंक. हीटर खोकतो.
खिडकीत बंद खाणीचा मनोरा,
त्याचं चाक माझ्या लहानपणीच थांबलेलं.
वरून आलेल्या कागदावर छापील प्रश्न:
‘युरोपीय असणं म्हणजे काय? तीन ओळींत लिहा.’
खाली ठिपक्यांच्या तीन ओळी,
वाट चुकलेल्या मुंग्यांसारख्या.

बावीस वर्षं शिकवतेय,
तरी या प्रश्नापुढे माझीही पाटी कोरी.
म्हणून म्हटलं, आधी नकाशापाशी या.
तुमची माणसं जिथून निघाली तिथे बोट ठेवा.

दुर्सुनचं बोट झोंगुलदाकवर, काळ्या समुद्राच्या काठी.
‘आजोबा कोळशातून निघाले नि कोळशातच आले,’
तो म्हणाला, ‘मधे फक्त आगगाडी.’
त्यांचा पितळी बिल्ला तो गळ्यात घालतो, अकराशे सत्तेचाळीस.
वर आलं की खिळ्याला अडकवायचा.
रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून खाली.

वाउट मागच्या बाकावरून उठलाच नाही.
‘आमच्यात कुणी आलं नाही नि गेलं नाही.
आम्ही इथलेच. नकाशा त्यांना लागतो.’
मी रागवायला हवं होतं बहुतेक.
हातातला खडू नुसता खाली ठेवला.

युसराचं बोट खाली सरकलं,
उजवीकडे, आणखी उजवीकडे,
आणि लाकडी चौकटीवर जाऊन थांबलं.
‘माझं गाव लाकडाखाली आहे, बाई.’

घंटा झाली. शुक्रवार होता.

मंगळवारी वाउट सगळ्यांच्या आधी आला.
टोपी डोक्यावर तशीच. म्हणाला, आजीला विचारलं.
तिची आजी फिलोमेन, वीस वर्षांची,
पहिल्या महायुद्धात, पंधरा साली.
हॉलंडच्या सीमेवर जर्मनांनी विजेची तार ओढलेली,
शिवलं की माणूस जागच्या जागी काळा.
मग कुणीतरी लोण्याचं पिंप आणलं, दोन्ही बुडं उडवलेलं,
तारांमध्ये खुपसलं,
आणि ती त्यातून सरपटत पलीकडे गेली.
‘बहीण मागून येणार होती,’ वाउट म्हणाला.
मग टोपी काढली आणि हातात फिरवत बसला.

वर्गात कुणी काही बोलेना.
माझ्या पाठाच्या तयारीत झेंडा होता, तहांच्या तारखा होत्या.
बारा तारे होते,
तार नव्हती.

युसराने विचारलं,
‘पिंपात श्वास घुमतो का?’
वाउटला माहीत नव्हतं.
‘टँकरमध्ये घुमतो,’ ती म्हणाली.
‘असतो आपलाच. पण वाटतं, मागे कुणीतरी आहे.’
तो तिच्याकडे बघत राहिला,
मग बाकावर थोडा सरकला.
ती काही तिथे बसली नाही. पण तो सरकला.

मधल्या सुट्टीत मला न विचारता
दुर्सुनने बिल्ल्याची कड स्क्रूच्या खाचेत घातली.
चारपैकी तीन स्क्रू सुटले, चौथा गंजलेला,
तो वाउटने ओढून काढला, प्लास्टरसकट.
चौकटीखाली दोन बोटांची पट्टी निघाली,
कधीच ऊन न लागलेली,
तिथला समुद्र अजून गडद निळा.
बाकीचा सगळा युरोप किती विटलाय
ते मला तेव्हा दिसलं.

अगदी कोपऱ्यात दोन अक्षरं: ‘अले’.
पुढचं ‘प्पो’ कापणाऱ्याच्या कात्रीत गेलेलं.
‘आम्ही त्याला हलब म्हणतो,’ युसरा म्हणाली,
आणि नकाशा संपला तिथून पुढे
भिंतीवरच, प्लास्टरवर, पेन्सिलीने
एक बारीक टिंब काढलं.
‘त्याच्या थोडं खाली आमचं घर.’

भिंतीबद्दल मुख्याध्यापकांनी विचारलंय. उत्तर द्यायचं राहिलंय.

तीन ओळींचे कागद मी वर पाठवून दिले.
बऱ्याच जणांनी बरोबर लिहिलं होतं:
लोकशाही, समानता, प्रवासाची मुभा.
एक कागद मात्र माझ्याकडेच ठेवून घेतला.
वाउटचा. पहिल्या दोन ओळी खोडलेल्या,
तिसरीवर त्याचं तिरपं अक्षर:
‘त्या बहिणीचं नाव आजीलाही आठवत नाही.’