चपलांची तोंडं

बुवा म्हणाले, मोठी कामं देव स्वतःच उरकतो,
ऊन, वारा, जन्म, मरण.
सुटे पैसे तेवढे आपल्यासाठी ठेवतो.

दौलतगंजातलं दत्ताचं देऊळ,
गुरुवारी माणसं पंचवीस, त्यांत ऐकू येणारी बारा.
मी त्या बारांतला.
वीज मंडळात अडतीस वर्षं मीटर वाचले,
हिशेब म्हटला की अजून कान टवकारतात.

घरी येऊन वही केली.
नातवाच्या जुन्या वहीतली कोरी पानं,
समास आखला, वर लिहिलं : सुटे पैसे.

सोमवार. कंपूच्या चौकात आडवी पडलेली स्कूटर उभी केली.
मालक धावत आला, म्हणाला, हात क्यों लगाया?
मंगळवार. एका म्हाताऱ्याचा हात धरून
त्याला रस्ता पार करून दिला.
त्याला पार करायचाच नव्हता.
मग टेम्पो चुकवत पुन्हा अलीकडे आणला.
ह्याचे दोन धरायचे की शून्य,
ह्यावर रात्री बराच वेळ गेला.
बुधवार. तांबट्यांची टाकी वाहत होती, बेल वाजवून सांगितलं.
शुक्रवारी सुनेला म्हटलं, भाजी छान झालीय गं.
ती पोळी लाटायची थांबली.
बाबा, बरं वाटत नाहीये का?
हे लिहिलं नाही.

पौषापर्यंत एकशे चौदा झाले.
बेरीज करताना गोड वाटायचं,
थकलेलं बिल वसूल झाल्यासारखं.

मग ती धुक्याची रात्र.
किल्ला कुठं गेला कळत नव्हतं,
देवळाची फरशी तळपायातून थेट कवटीत.
खोकला आवरेना म्हणून
आरती अर्ध्यावर सोडून बाहेर आलो.

पायरीखाली गोणपाटावर रामसखी,
चपला सांभाळते, जोडीचे दोन रुपये.
शेजारी डालड्याच्या डब्याची शेगडी.
ती चपला फिरवत होती.
टाचा देवाकडे, अंगठे रस्त्याकडे.
सगळ्यांच्या नाही.
सरवटे काकूंच्या, ज्या काठी टेकत येतात.
त्या एका पायानं अधू शिंप्याच्या.
आणि माझ्या.

तेरा वर्षं
गुरुवारच्या गुरुवार उतरलो,
सरळ पाय घातले, निघालो.
वळावं लागलं नाही, हे कधी लक्षातच आलं नाही.
जे दुखलं नाही
त्याचं रीडिंग कोण घेतो?

विचारलं, कब से कर रही हो?
म्हणाली, क्या?
मी चपलांकडे बोट केलं.
ती हसली थोडी, जणू मी विचारलं होतं
श्वास कब से ले रही हो.
आपके घुटने बोलते हैं बाबूजी,
सीढ़ी पे. यहाँ तक सुनाई देते हैं.

बुवांचं तिला काही ऐकू येत नाही.
कर्णा गल्लीच्या दुसऱ्या तोंडाकडे लावलाय.

दोनाच्या जागी दहा पुढे केले.
तिनं आठ परत दिले. सुटे.

घरी वही उघडली.
तारीख घातली, पुढं पेन चालेना.
रकाना माझ्या नावाचा.
हिचं कुठं मांडू, जमेला? उधारीला?
आणि मागची तेरा वर्षं कुठल्या दरानं?
आता त्या वहीत धोब्याचे कपडे असतात :
सदरे चार, चादर एक.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो.
दाराशी सुनेच्या चपला,
दमून आली होती, तशाच उडवलेल्या,
एक पालथी, दोन्हींची तोंडं घरात.
सकाळी सातला तिची शाळा,
एका हातात डबे, एका हातात पोरगं.
वाकलो.
गुडघे बोलले.
कुणी ऐकलं नसावं.

सकाळी ती पाय सरकवून गेली,
घाईत, खाली न बघता.
बरं झालं.

एवढं फक्त तुम्हालाच सांगतोय,
म्हणजे शेवटी लिहिलंच की मी.
घ्या, एकशे पंधरा.