रिम सरळ करताना

रावेरला स्टेशन रस्त्यावर माझं दुकान.
चाक आउट झालं की माणसं माझ्याकडे येतात,
हाड आउट झालं की महाजन डॉक्टरांकडे.
कधी कधी दोन्हीकडे, एकाच दिवशी.

भाग्येशचं चाक मंगळवारी आलं.
पालच्या वर जी मुरमाड उतरण आहे,
जिथे गुरंसुद्धा तिरकी चालतात,
तिथून तो सरळ सुटला होता.
अकरा तारा तुटलेल्या, रिमला केळाचा बाक,
हँडलच्या टोकात रुतलेला
सागाच्या सालीचा एक तुकडा.
तो मी चिमट्यानं काढला
आणि छर्‍यांच्या डबीत ठेवला.
का, ते माहीत नाही.

संध्याकाळी न बोलावता बैठक भरली.
त्याचे सासरे, भंगाळे तात्या,
पंक्चरच्या घमेल्यात बघत म्हणाले,
"कशाले मराले जातो रे बाप्पा?
पैसे खर्चून डोंगरावरून पडतं का कोनी?"
भाग्येश गळ्यात झोळी अडकवून हसला,
हसताना दुखलं, म्हणून थांबला.

चेतना ढाके त्याच्या मागून उतरली होती
आणि पडली नव्हती.
ती म्हणाली, "तात्या, सावद्याला कसे जाता?"
"फटफटीवर."
"हेल्मेट?"
"या उन्हात कोन घालतं ते?"
"रोज केळीचा ट्रक तुमच्या कोपराला
वारा घालून जातो.
त्याला कुणी धोका म्हणत नाही.
कारण त्यात मजा नाही, एवढंच."

तात्यांनी घमेल्यातल्या पाण्यात बोट फिरवलं.
"आमचं काम असते पोरी तिकडे."

या वाक्याला मी अजून पाना लावून बघतोय.
कामासाठी मोडलेलं हाड
आणि हौसेसाठी मोडलेलं हाड
एक्स-रेत वेगळं दिसत असेल का?
डॉक्टर दोघांकडून फी तेवढीच घेतात.
पण घरी डबा घेऊन येणारी माणसं
पहिल्याला काय झालं विचारतात,
दुसर्‍याला का केलंस.

दुलसिंग पावरा तेवढ्यात चेन घ्यायला आला.
त्याची काळी सायकल त्याच उतरणीनं येते,
मागे दुधाचे दोन कॅन,
मागचा ब्रेक नाही,
ब्रेकच्या जागी दोरीनं बांधलेली
सागाची फांदी, जमिनीवर घासत.
सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग विचारलं,
"उतरता ते समजलं.
पण परत वर कशाला नेता?"

चहा आला तेव्हा बरं वाटलं सगळ्यांना.

रात्री मी तारा ओढत बसलो.
पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे.
जास्त ताणली तर तुटते,
सैल सोडली तर चाक डोलतं.
यात शिकवण शोधू नका,
हे फक्त तारांचं आहे.

गुरुवारी पहाटे सायकल पिकअपमध्ये टाकून
पालला गेलो. चाचणी, असं स्वतःला सांगितलं.
वय बावन्न. गुडघा एक.
दुसरा आहे, पण नावाला.

पहिल्या अर्ध्या उतरणीवर
माझ्या तोंडून एक आवाज निघाला
जो माझ्या बायकोनंही कधी ऐकलेला नाही.
दगड खालून मुठींमध्ये बोलत होते.
दुकान, उधारीची वही, गुडघा,
सगळं मागे कुठेतरी धुळीत राहिलं.

मग ते वळण दिसलं, सालीची जखम असलेला साग दिसला,
आणि दोन्ही ब्रेक मी असे दाबले
जसं कुणाचं तोंड दाबावं.

उरलेली उतरण सायकल हातात धरून चाललो,
तिरका, गुरांसारखा.

तात्यांना हे सांगितलं नाही, ते जिंकतील.
चेतनालाही नाही, तीसुद्धा जिंकेल.

भाग्येश एका हातानं चाक फिरवून बघत होता.
"फर्स्ट क्लास," म्हणाला. "पण काका,
ब्रेकचे रबर एवढे कसे झिजले?"

"जुनेच होते," मी म्हटलं,
आणि नवे बसवून दिले,
बिलात न लावता.