जर

तुझ्या बहिणीच्या घरी, धोपाव्याला,
पाळण्याची दोरी एकेकीच्या हातून फिरत
माझ्यापाशी आली तेव्हा मी म्हटलं, हात तेलकट आहेत.
नव्हते. तू पाहिलंस.
बारा दिवसांच्या त्या जिवाचे मुके
बायका आळीपाळीने घेत होत्या
आणि मी घुगऱ्यांचं ताट धरून
पडवीत, चपलांच्या राशीशी.
"गर्व आहे हो," कुणीतरी हळूच म्हणालं,
मला ऐकू येईल इतपत हळू.

आता फेरीबोट सुटलीय.
दाभोळ दहा मिनिटं, ओहोटी असली तर बारा.
बर्फाच्या लाद्यांचा एक टेम्पो, चार बाइक,
रेलिंगला टेकलेला तू, नखांत इंजिनाचं ऑइल,
आणि विचारतोस, बाळाला का नाही घेतलंस?

खालच्या ओठाला, डाव्या कोपऱ्यात,
काल रात्रीपासून चुणचुणतंय.
दिसत नाही अजून. उद्या दिसेल.
आधी लाली, मग गाभोळीसारखे बारीक दाणे,
मग खपली.
जर म्हणतात आमच्यात. ताप उतरला की ओठावर जर फुटतो.
मावशी म्हणायची, कोळी मुतलान गो रात्रीचा,
आणि लोणी लावायची.
तिच्याही ओठावर तेच दाणे असत,
आणि त्याच ओठांनी ती माझे पापे घ्यायची.
तिला ठाऊक नव्हतं. मला आहे.
एवढाच आम्हा दोघींत फरक.

दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी
बिलाच्या पाठीवर पेनाने काढून दाखवलं:
ही नस. इथे, कानाच्या आतल्या अंगाला, तो घर करतो.
जात नाही. झोपतो.
उन्हाने उठतो, जागरणाने उठतो, कधी पाळीच्या तोंडावर.
फोड असताना सर्वात जास्त लागतो,
नसतानाही कधीकधी.
किती, मी विचारलं.
कमी, त्या म्हणाल्या. शून्य नाही.
तान्ह्या बाळांपासून मात्र लांब.

कमी, शून्य नाही.
तीन महिने हे शब्द
तिकिटाच्या सुट्ट्या पैशांसारखे मुठीत घेऊन फिरतेय.
त्या दिवशी बर्फाच्या कारखान्यामागे तू जवळ आलास,
मी गाल पुढे केला.
लाजतेय, असं वाटलं तुला.
मी दिवस मोजत होते.

आज सांगितलं.
इंजिनाच्या आवाजावरून, मोठ्याने,
त्यामुळे टेम्पोवाल्यानेही ऐकलं असणार.
ऐकू दे.

तू खाडीकडे बघत राहिलास.
मग, "फक्त मुक्यानेच?"
म्हटलं, नाही. ओठ जिथे जातील तिथे.
तुझे कान लाल झाले.
मग म्हणालास, "आमच्या आयलाही येतो, दर मे महिन्यात.
ती त्याला उष्णता म्हणते."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "मला जरा वेळ दे. आणि त्या बाईंचा नंबर."
नंबर दिला.

जेटीवर तू दोन चहा सांगितलेस.
एरवी एक सांगतोस, अर्धा पिऊन पुढे करतोस.
लागलं मला कुठेतरी.
मीच सांगितलं होतं, तरी लागलं.

ग्लास ठेवताना म्हणालास,
"ताईला तू सांगतेस की मी सांगू?
त्या गर्ववाल्या काकीलाही सांगायला हवं."

शाळेत बाई शिकवायच्या,
वाक्यात जर आला की मागून तर येतोच.
फेरी पुन्हा पलीकडे निघाली होती, अर्धी रिकामी.
तू हेल्मेट घातलंस, काढलंस,
पुन्हा घातलंस.