नांगरावर, अजमान

पगार थांबला त्याला चौदा महिने झाले,
गोडं पाणी रेशनवर आलं त्याला नऊ दिवस.
समोर अजमानचे दिवे, इतके जवळ
की वारा फिरला की शावरम्याचा वास
थेट माझ्या गॅलीत येतो, शपथेवर सांगतो.
मालक कुठल्या देशात आहे, कोणाला पत्ता नाही.

चीफ इंजिनियर थानासिस, ग्रीक, बासष्टचा,
रात्री डेकवर बसून त्यांच्या महाकाव्यातली माणसं सांगायचा.
नावं विसरलो म्हणायचा, माणसं तेवढी आठवतात.
एक रुसून तंबूत बसतो, बाहेर त्याचीच माणसं मरतात.
एक थापाड्या, वर्षानुवर्षं घरी पोचत नाही,
पोचतो तेव्हा आधी म्हातारा कुत्रा ओळखतो.
एकाला ठाऊक असतं आपण मरणार,
तरी जाताना पोराला घ्यायला हात पुढे करतो
आणि पोर त्याच्या शिरस्त्राणाच्या तुऱ्यालाच भिऊन रडतं.
"हे सगळे प्रत्येक जहाजावर असतात,
फक्त कोण कोण ते आधी कळत नाही."

आम्ही वाटण्या केल्या.
कॅप्टन दार लावून केबिनमध्ये, म्हणजे तो रुसलेला.
थापाड्या मी: दीड पोतं तांदूळ उरला होता,
मी तीन सांगत होतो.
इद्रिस पावसकर, ऑइलर, तेवीसचा, पूर्णगडचा,
म्हणाला, आणि मी कोण?
थानासिस हसला. "तू लहान आहेस. तू वल्ही मार."

ऑगस्टात, इंजिनरूममध्ये, भर दुपारी
इद्रिस टेकून बसला तो उठलाच नाही.

माझ्या फ्रीझरमध्ये मासळी नव्हती. जागा होती.
किल्ली माझ्या करगोट्याला.

डिझेल मोजकं: पंखे, नाहीतर फ्रीझर.
कोणी कोणाला विचारलं नाही.
कॅप्टन दार उघडून बाहेर आला,
पंख्यांचा ब्रेकर स्वतःच्या हाताने पाडला
आणि गादी काखेत मारून
डेकवर आमच्यात झोपायला आला.

इद्रिसचा बाप हसनमियां, जुना तांडेल,
एजंटला रोज फोन करायचा. एकदा मला केला.
"कुकसाहेब, मी त्याचे पाय धरले असते हो.
पण फोनवर पाय कुठे असतात?"

त्या रात्री थानासिस म्हणाला,
एक सांगायचा ठेवला होता मुद्दाम. म्हातारा बाप.
रात्री गाडा जोडून शत्रूच्या तंबूत जातो,
ज्या हातांनी पोर मारलं त्याच हातांवर ओठ टेकतो,
म्हणतो, माझं पोर दे.
"आणि देतो?"
"देतो. आधी दोघं रडतात. मग जेवतात."
"जेवतात?"
"तसंच आहे त्यात."
मी कुक आहे. मला पटलं.

एजंट रडला की नाही, ठाऊक नाही.
अकराव्या दिवशी टग आली, कागद आले, पेटी आली.
मी करगोट्याची किल्ली सोडली.
बोटं चिकटत होती दाराला.

आमच्यातला घरी पोचलेला पहिला, इद्रिस.

मग फ्रीझर बंद केला.
दीड पोत्याचं खरं सांगून टाकलं;
ते सगळ्यांना आधीच माहीत होतं.
भात टाकला. कॅप्टनने दुसऱ्यांदा मागून घेतला.

खाली केबिनींत पंखे फिरत होते, रिकाम्या बंकांवर.
आम्ही वरच झोपलो.