चोवीस पाती

टेम्पोतून रोटाव्हेटर उतरवून
द्वारका निचिते म्हणाली, "याची पाती काढ."
मला वाटलं, नवी बसवायची.
"नाही रे. जमीन नुसती चिरायची,
उलथायची नाही."

किन्हवलीच्या नाक्यावर बावीस वर्षं वेल्डिंग करतोय.
फाळ लांबवले, दाते वाढवले.
अजून खोल, अजून खोल, हेच मागायचे लोक.
कमी खोल कुणी मागितलं नव्हतं.

जीपच्या कमानपाट्याचे चार दाते कापले.
तेलाच्या डब्याची पेटी, गॅसच्या नळीतून बी,
चाकाला सायकलची चेन.

पहिल्या दिवशी पेंढा अडकला. तीनदा.
दात्यांपुढे गोल तवे बसवले
आणि दुसऱ्या दिवशी मीही गेलो शेतावर.
भाताची धसकटं तशीच उभी,
खाली ओल झाकलेली.
यंत्र पुढे गेलं, मागे उरली
गोधडीवरच्या धावदोऱ्यासारखी रेघ.

बांधावरून तिचे सासरे, चिंधूबाबा:
"पेरायला कधी घेणार?"
"झालं की, बाबा."
म्हातारा उकिडवा बसला.
रेघेत बोट घालून वालाचा दाणा काढला,
निरखला, परत ठेवला,
वर माती लोटली,
कुणी पाहिलं तर नाही ना, असं बघत.

चोवीस पाती माझ्याकडेच आहेत, कोपऱ्यात.
भंगारवाला दोनदा विचारून गेला.
म्हटलं, थांब, वाल फुलू दे.
पुढे भातही चिखलणीवाचून लावायचा म्हणतेय ती.
तोवर असू देत.
गंज चढतोय, चढू दे.